जवसाचे शब्द

विदर्भातील काळ्याभोर जमिनीत हिवाळ्याच्या दिवसांत जवसाचे पीक डोलताना दिसते. पहाटेनंतर त्याची नाजूक निळी फुले उमलतात आणि ऊन चढू लागले की त्यांच्या पाकळ्या गळू लागतात. पुढे बोंडे धरतात, आणि त्या बोंडांत तपकिरी, चपटे व चकचकीत बी तयार होते. यालाच कोठे जवस म्हणतात, तर कोठे अळशी.

या बियांभोवती मराठीत किती तरी शब्द गोळा झाले आहेत. बी घाण्यात घातले की तेल निघते आणि मागे राहते ती पेंड. बी भाजून कुटले की त्याची चटणी होते. गळू ठसठसू लागले की अळशीचे पोटीस बांधावयाचे. रंगारी खडूच्या भुकटीत हेच तेल मळून लाकडाच्या भेगा बुजवितो. त्या लगद्याला तो लांबी म्हणतो. क्रिकेटच्या नव्या बॅटीला चोळतात ते तेलही अळशीचेच. परंतु बी झोडून घेतल्यावर जी काडे उरतात, त्यांच्याकडे कोणी फारसे वळून पाहत नाही. म्हणून त्या काडांसाठी वेगळाले शब्दही सहसा ऐकू येत नाहीत.

आता याच रोपाची दुसरी गोष्ट. युरोपच्या पश्चिमेस आयर्लंड नावाचे बेट आहे. त्याच्या उत्तर भागास अल्स्टर म्हणतात. तेथे शेकडो वर्षे जवस पिकविले जात असे; मात्र ते बियांसाठी नव्हे, तर काडांसाठी. जवसाच्या काडाच्या सालीत लांब, मजबूत आणि चमकदार तंतू असतात. त्या तंतूंपासून लिनन नावाचे सुंदर कापड विणतात. तंतू लांब मिळावेत म्हणून तेथील शेतकरी बी दाट पेरीत. दाटीमुळे रोपांना फांद्या फुटत नसत व ती सरळ वाढून साधारण एक मीटर उंच होत. बी पुरते पिकण्यापूर्वीच पीक काढीत. त्यामुळे पेरणीसाठी लागणारे बी रीगा, हॉलंड, अमेरिका अशा दूरदूरच्या ठिकाणांहून जहाजांतून आणावे लागे. विदर्भात ज्याला महत्त्व, ते अल्स्टरमध्ये सोडून दिले जाई. आणि अल्स्टरमध्ये ज्याला महत्त्व, ते विदर्भात टाकून दिले जाते!

साहजिकच अल्स्टरच्या बोलीत या काडांसाठी आणि त्यांच्या तंतूंसाठी शब्दांचे एक भांडारच तयार झाले. सतराव्या शतकात स्कॉटलंडमधून पुष्कळ लोक तेथे येऊन वसले होते. त्यांनी आपली बोलीही बरोबर आणली. जवसाला पुस्तकी इंग्रजीत फ्लॅक्स म्हणतात. परंतु अल्स्टरचा शेतकरी त्याला लिंट म्हणत असे. लिंटचे पीक कापीत नसत, मुळासकट उपटीत. कारण तंतू बुंध्यापासून शेंड्यापर्यंत गेलेला असतो. विळा लावला की तेवढी लांबी वाया जाणार. उपटलेल्या काडांची पेंढी लव्हाळ्याच्या बंधाने बांधीत. तिला बीट म्हणत. खाण्याच्या बीटशी या शब्दाचा काही संबंध नाही. उच्चार तेवढा सारखा.

यानंतरचे काम सर्वांत अवघड असे. शेताच्या कडेस लिंट-होल, म्हणजे लिंटचा खड्डा, खणून त्यात पाणी भरलेले असे. त्यात पेंढ्या बुडवीत आणि त्या वर येऊ नयेत म्हणून त्यांच्यावर दगड ठेवीत. आठ ते चौदा दिवसांत पाण्यातील सूक्ष्म जंतू काडांतील डिंकासारखा पदार्थ खाऊन टाकीत आणि तंतू आतल्या लाकडापासून सुटा होई. मुदतीपूर्वी पेंढ्या काढल्या, तर तंतू सुटत नसे. उशीर झाला, तर तंतूच कुजून जाई. वर्षाची कमाई अशी दोन-तीन दिवसांच्या अंदाजावर अवलंबून असे. जाणता शेतकरी रोज एखादे काड मोडून पाही व हाताला येणाऱ्या तंतूवरून निर्णय घेई. मग माणसे कमरेएवढ्या पाण्यात उतरून ओल्या, जड पेंढ्या काठावर फेकीत. त्या पाण्याची दुर्गंधी साऱ्या गावभर पसरे. ते ओढ्यात सोडले तर मासे मरत, म्हणून त्याबाबत फार काळजी घ्यावी लागे. महाराष्ट्रात अंबाडी किंवा ताग पाण्यात कुजवून त्याचा वाख काढतात. ते काम ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हे वर्णन परके वाटणार नाही.

कुजविलेली काडे गवतावर पसरून वाळवीत आणि मग गिरणीत नेत. तेथे पाणचक्कीच्या जोरावर लाकडी पाती गरगर फिरत. मूठभर काडे त्या पात्यांसमोर धरली की लाकडाचा चुरा उडून जाई आणि हातात तंतू राहत. या झोडणीला स्कचिंग म्हणत आणि स्वच्छ केलेल्या तंतूंच्या जुडीला स्ट्रिक. काम धोक्याचे होते. धूळ छातीत जाई, हात पात्यात सापडण्याची भीती असे आणि कोरड्या चुऱ्याला आग लागावयास एक ठिणगी पुरे होई.

त्यानंतर तंतू विंचरावयाचे. त्यासाठी फळीवर पोलादी दात बसविलेली मोठी फणी असे. तिला हॅकल किंवा हेकल म्हणत. फणीतून जे लांब व सरळ तंतू निघत त्यांना लाइन म्हणत. जो आखूड, गुंतलेला भाग मागे राही तो टो. लाइनपासून तलम कापड होई, तर टोपासून जाडेभरडे कापड व दोर. हे विंचरण्याचे काम शिकण्यासाठी स्कॉटलंडचा थोर कवी रॉबर्ट बर्न्स 1781 मध्ये अर्व्हिन या गावी गेला होता. परंतु पुढील वर्षाच्या आरंभीच तेथील दुकान आगीत जळाले आणि कवी पुन्हा शेतीकडे वळला.

या फणीचा शब्द मात्र गिरणीच्या दारातून बाहेर पडला आणि जगभर गेला. सभेत वक्त्याला मध्येच अडवून, अडचणीचे प्रश्न विचारून भंडावून सोडण्यास इंग्रजीत आजही हेकल करणे असे म्हणतात. फणी जशी तंतूंतील गाठ ओढून काढते, तसा प्रश्न विचारणारा वक्त्याच्या बोलण्यातील गाठ ओढतो! मराठीतही असेच घडले आहे. पिंजारी कापूस पिंजतो. त्यावरून एखाद्या विषयाचा कसून शोध घेणे म्हणजे तो पिंजून काढणे. फरक एवढाच, की आपल्याकडील शब्द कापसाने दिला आणि तिकडील शब्द जवसाने.

अशी उदाहरणे आणखीही आहेत. इंग्रजीतील लाइन, म्हणजे रेषा, हा शब्द जवसाच्या लॅटिन नावापासून, लिनमपासून, आला आहे. सरळ रेघ आखण्यासाठी जवसाचा दोरा ताणून धरीत; त्या दोऱ्याचेच नाव पुढे रेघेला मिळाले. मराठीतील सुतार हा शब्दही सूत्रधार, म्हणजे मापाचा दोरा धरणारा, या शब्दापासून झालेला आहे. कोटाच्या आतील अस्तरास लायनिंग म्हणतात, कारण पूर्वी ते लिननचे असे. फिकट सोनेरी केसांच्या मुलाला इंग्रजीत टो-डोक्याचा म्हणतात. आणि जखमेवर ठेवण्याच्या मऊ कापडास लिंट म्हणतात. कारण जुने लिनन खरवडून ते तयार करीत. शेतातला लिंट असा थेट रुग्णालयात जाऊन पोहोचला!

अल्स्टरमध्ये या धंद्याला सरकारचाही आधार होता. 1711 मध्ये आयर्लंडात लिनन मंडळ स्थापन झाले. 1796 मध्ये या मंडळाने जवस पेरणाऱ्यांना बक्षिसे दिली. एक एकर पेरणाऱ्यास चार चरखे आणि पाच एकर पेरणाऱ्यास एक माग. बक्षीस मिळालेल्या लोकांची यादी सुमारे साठ हजार नावांची झाली. घरोघर चरखे फिरू लागले. विणलेले कापड पांढरेशुभ्र करण्यासाठी हिरवळीवर अंथरीत. त्या मैदानाला ब्लीच-ग्रीन म्हणत. कापडाचा मळकट रंग जावा म्हणून ते आंबट ताकातही भिजवीत असत. शेवटी मोगरीसारख्या लाकडी ठोकळ्यांनी कापड तासन्‌तास बडवून त्याला तकाकी आणीत. या ठोकळ्याला बीटल म्हणत. त्याच्या गिरणीत इतका खडखडाट चाले, की शेजारच्या माणसाचे बोलणेही ऐकू येत नसे.

परंतु काळ कोणासाठी थांबत नाही. स्वस्त सुती कापड आले, मग कृत्रिम धागे आले. परदेशांतून तयार तंतूही येऊ लागला. जवसाला लागणारे इतके कष्ट परवडेनासे झाले. दुसऱ्या महायुद्धात लिननची गरज वाढल्यामुळे अल्स्टरची शेते पुन्हा निळी झाली होती. पण युद्ध संपल्यावर पीक झपाट्याने घटले आणि 1950 नंतरच्या काही वर्षांत ते जवळजवळ नाहीसे झाले. लिंट-होल बुजले. गिरण्यांची चाके थांबली. आज तंतूसाठी जवस पिकते ते मुख्यतः फ्रान्स, बेल्जियम व नेदरलँड्स या देशांच्या किनारपट्टीवर. तेथे पीक यंत्राने उपटतात आणि पाण्यात न बुडविता शेतातच दवावर कुजू देतात.

काम थांबले, तेव्हा शब्दांचे काय झाले? ज्यांनी पेंढ्या पाण्यात बुडविल्या होत्या, त्या माणसांना बीट आणि स्ट्रिक हे शब्द ठाऊक होते. त्यांच्या नातवंडांना ते शब्द उच्चारण्याचा प्रसंगच आला नाही. कोणी बंदी घातली नाही, कोणी ते शब्द पुसले नाहीत. त्यांची गरज तेवढी संपली. सुदैवाने काही जाणत्या लोकांनी वेळेवर लक्ष घातले. अल्स्टरच्या लोकजीवन संग्रहालयात जवसाची एक जुनी गिरणी आणून उभारण्यात आली. 1996 मध्ये अल्स्टरच्या बोलीचा एक कोश प्रसिद्ध झाला. त्याच भागात 1939 साली जन्मलेला कवी शेमस हीनी याने 1966 मधील आपल्या पहिल्या मोठ्या संग्रहात जवसाचा खड्डा, त्याची उष्णता आणि त्याचा दर्प यांचे चित्र रेखाटले. ज्या मुलांनी तो खड्डा कधी पाहिला नाही, त्यांनाही तो शब्द त्या कवितेतून भेटतो.

भारतातही असेच एकदा घडून गेले आहे. संस्कृतात अतसी, उमा आणि क्षुमा ही तिन्ही नावे जवसाचीच असून अमरकोशात ती एकत्र दिलेली आहेत. अतसीपासूनच मराठीत अळशी हा शब्द आला. क्षुमेच्या तंतूंचे वस्त्र ते क्षौम. दोन हजार वर्षांहून अधिक काळापूर्वी होऊन गेलेल्या पाणिनीने आपल्या व्याकरणात जवसाच्या शेतासाठी उम्य हा स्वतंत्र शब्द कसा होतो, हे सांगितले आहे. कालिदासाच्या नाटकात शकुंतला सासरी निघते, तेव्हा एक वृक्ष तिला क्षौम वस्त्र देतो. म्हणजे या भूमीतही कोणे एके काळी जवसाच्या तंतूंचे कापड मोलाचे मानले जात होते. पुढे कापूस आणि रेशीम यांनी ते मागे सारले. अळशी हे नाव स्वयंपाकघरात टिकले, कारण बी वापरात राहिले. क्षौम हा शब्द ग्रंथात जाऊन बसला, कारण काडे वापरातून गेली. आज दुकानात तेच कापड लिनन या परदेशी नावाने मागावे लागते!

शब्द हे हातांच्या कामाबरोबर जन्मतात आणि त्या कामाबरोबरच जगतात. घाणी, चाक, माग, मोट यांच्याभोवतीचे कित्येक मराठी शब्द आज वृद्ध माणसांच्याच ओठांवर उरले आहेत. ती माणसे आहेत तोपर्यंतच ते विचारून घेता येतील. एकेक शब्द म्हणजे कोणा कष्टकऱ्याने पिढ्यान्‌पिढ्या मिळविलेले ज्ञान होय. ते लिहून ठेवणे हे त्या कष्टांचा मान राखणेच आहे.

शब्दार्थ

पेंड – तेल काढल्यावर उरणारा बियांचा चोथा. पोटीस – गळवावर बांधावयाचा गरम लगदा. वाख – झाडाच्या सालीपासून किंवा पानांपासून काढलेला तंतू. मोगरी – बडविण्यासाठी वापरतात तो लाकडी ठोकळा. तलम – बारीक व मऊ पोताचे. तकाकी – चमक.

स्वाध्याय

1. जवसाचे पीक कापण्याऐवजी मुळासकट का उपटीत?
2. पेंढ्या पाण्यातून वेळेवर काढणे का महत्त्वाचे होते?
3. ‘हेकल करणे’ आणि ‘पिंजून काढणे’ या शब्दप्रयोगांत कोणते साम्य आहे?
4. ‘अळशी’ हा शब्द टिकला, पण ‘क्षौम’ हा शब्द व्यवहारातून गेला. याचे कारण तुमच्या शब्दांत लिहा.
5. उपक्रम : तुमच्या गावातील कुंभार, सुतार, विणकर किंवा वृद्ध शेतकरी यांना भेटा. त्यांच्या कामातील दहा शब्द विचारून घ्या आणि प्रत्येकाचा अर्थ वहीत लिहा.