मालकंसातला पंचम

नागपुरातल्या एका सभागृहात जुन्या हिंदी गाण्यांचा कार्यक्रम रंगात आला होता. मध्यंतरानंतर ‘बैजू बावरा’मधलं ‘मन तडपत’ सुरू झालं. चित्रपट १९५२चा, संगीत नौशाद यांचं, मूळ आवाज मोहम्मद रफींचा. गायकाने डोळे मिटून आलाप घेतला, तबल्याने ठेका धरला, आणि मागे बेस गिटार घेऊन उभ्या असलेल्या प्रस्तुत लेखकाने गेली चार वर्षं प्रत्येक गाण्यात केलं तेच केलं. आधी सा, मग प. गायकाने गाता गाता मान वळवून मागे पाहिलं. दुसऱ्या ओळीत तो प पुन्हा वाजला, तिसऱ्या ओळीतही वाजला. काहीतरी चुकतंय एवढं लेखकाला कळत होतं. काय चुकतंय ते कळत नव्हतं, आणि बोटांना दुसरी जागा ठाऊक नव्हती.

मालकंसात पंचम नाही. सा, कोमल ग, म, कोमल ध आणि कोमल नी, एवढ्या पाच स्वरांचा हा राग; रे आणि प दोन्ही वर्ज्य. म्हणूनच मालकंस गाताना तंबोऱ्याची पहिली तार पंचमाऐवजी मध्यमात मिळवतात. तंबोरासुद्धा जी जागा मोकळी सोडतो, तिथे त्या संध्याकाळी मोठमोठ्या स्पीकरमधून पंचम घुमत होता. बेसचा स्वर सगळ्यांत खालचा, आणि वरचे सगळे स्वर त्याच्या नात्याने ऐकू येतात. गायक अगदी सुरात असला तरी खाली भलता स्वर आला की श्रोत्याला गायकच बेसूर वाटतो. दुसऱ्याच्या गाण्याचं आपल्या हातून असं नुकसान झालं, ही बोच अजून गेलेली नाही.

कार्यक्रम संपल्यावर तबलजीकाकांनी लेखकाला बाजूला घेतलं आणि एकच गोष्ट विचारली: हे गाणं तू कधी तोंडाने म्हणून पाहिलं आहेस का? नव्हतं पाहिलं.

सगळे लेखकाला ‘कानावरून शिकलेला’ म्हणत. सहा तारांची गिटार दोन वर्षं वाजवून झाल्यावर एका ऑर्केस्ट्रात बेसवादकाची जागा रिकामी झाली, आणि तो तिथे गेला. गिटारचे क्लास नागपुरात हवे तेवढे, पण फक्त बेस शिकवणारा माणूस शोधावा लागतो. म्हणून त्याने जुन्या बेसवादकाच्या डाव्या हाताकडे पाहून जागा पाठ केल्या. या गाण्याला पाचवा पडदा, मग वरच्या तारेवर सातवा; त्या गाण्याला तिसरा, मग पाचवा. शंभरएक गाणी अशी हातावर बसली. कागद समोर नव्हता, नोटेशन नव्हतं, म्हणून ते शिकणं कानाचं वाटलं. खरं तर ते डोळ्यांचं होतं. बेस कानाने शिकायला निघालेल्या प्रत्येकाने इथेच सावध व्हावं, कारण ही चूक वर्षानुवर्षं लपून राहते. दहापैकी नऊ गाण्यांत सा आणि प चालून जातात. दहावं गाणं येईपर्यंत कुणी काही बोलत नाही.

या शहराला खरं ऐकणं म्हणजे काय ते माहीत आहे. सिव्हिल लाइन्सच्या सभागृहाला ज्यांचं नाव आहे ते डॉ. वसंतराव देशपांडे मूर्तिजापूरला जन्मले आणि नागपुरात वाढले. इथे शंकरराव सप्रे यांच्याकडे त्यांचं शिक्षण झालं. पुढे लाहोरला असद अली खाँ यांनी त्यांना कित्येक महिने एकच राग शिकवला, मारवा. योगायोग असा की मारव्यातही पंचम नाही. एका रागासाठी महिने द्यायचे म्हणजे काय करायचं, हे लेखकाला त्या संध्याकाळनंतरच थोडंफार उमगलं. जो स्वर लावायचा नाही, त्याची रिकामी जागासुद्धा कानाला ओळखता आली पाहिजे.

बेस ऐकणं तसं अवघडच आहे. चार तारांच्या बेसची सगळ्यांत जाड तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते. मोबाइलच्या किंवा जुन्या ट्रान्झिस्टरच्या चिमुकल्या स्पीकरमधून ४१ हर्ट्झचा मूळ कंप बाहेरच पडत नाही. बाहेर पडतात ते त्याच्या दुपटी-तिपटीचे वरचे सूर, आणि त्यांवरून मेंदू खालचा स्वर मनातल्या मनात पुरा करतो. नवशिक्याचा मेंदू इथे चुकतो आणि स्वर एक सप्तक वर धरतो. शिवाय कमी आवाजात आपल्या कानाला खर्जातले सूर मुळातच मंद लागतात. मग माणूस हेडफोनचा आवाज वाढवत नेतो. जुन्या ध्वनिमुद्रणात बेस नीट ऐकू यावा म्हणून प्रस्तुत लेखक रात्री दोन-दोन तास पूर्ण आवाजात हेडफोन लावून बसत असे. कार्यक्रमात त्याची जागा ड्रमच्या झांजांशेजारी. तिसऱ्या वर्षी उजव्या कानात बारीक शीळ सुरू झाली, ती झोपतानाही थांबेना. कानाच्या तपासणीत ४००० हर्ट्झजवळ आलेख खाली गेलेला दिसला. मोठ्या आवाजाने झालेली इजा बहुधा याच ठिकाणी आधी दिसते, आणि ती भरून येत नाही.

बेसवादकाला ४००० हर्ट्झशी काय करायचं आहे, असं कुणी म्हणेल. पण तारेवर बोट पडतानाची ठिणगी, गायकाच्या शब्दांतली धार, हाय-हॅटचा बारीक ठेका हे सगळं तिथेच असतं. लय त्यातूनच धरायची असते. ८५ डेसिबलच्या आवाजात आठ तास ही सुरक्षिततेची प्रचलित मर्यादा आहे, आणि दर तीन डेसिबलला ती वेळ निम्मी होत जाते. १०० डेसिबलला उरतात फक्त पंधरा मिनिटं. आपल्याकडचा साधा ऑर्केस्ट्रासुद्धा तिथवर सहज जातो, मिरवणुकीतल्या स्पीकरच्या भिंतीची तर गोष्टच वेगळी. वादकांसाठी मिळणारे कानाचे बोळे पहिल्या दिवसापासून वापरावेत. लेखकाने ते उशिरा घेतले.

हेडफोनचा आवाज वाढवण्यापेक्षा चांगले स्पीकर मिळवावेत, किंवा बेसचा सूर ऐकू येत नसेल तर गाणं एक सप्तक वर चढवून ऐकावं. सूर न बदलता वेग कमी करणारी ॲप आज प्रत्येकाच्या फोनवर असू शकतात. कॅसेटच्या काळात ही सोय नव्हती. उलट टेपरेकॉर्डरची मोटर जरा वेगाने फिरली की अख्खं गाणं दोन पडद्यांच्या मध्ये कुठेतरी जाऊन बसे. जुन्या ध्वनिमुद्रणांत आजही हे सापडतं. तेव्हा आपला कान खराब आहे असं समजू नये. वाद्य त्या गाण्याला मिळवून घ्यावं आणि मग शिकावं.

नागपूरचा उन्हाळा ही वेगळी परीक्षा. मे महिन्यात घरोघरी कूलर चालतो. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे कूलरच्या मोटरमधून आणि ॲम्प्लिफायरमधून जी घरघर येते, तिचा मुख्य सूर ५० किंवा १०० हर्ट्झवर असतो. बेसची सगळ्यांत बारीक तार, पाश्चात्त्य जी, म्हणजे ९८ हर्ट्झ. दोन्हींमधला फरक एका पडद्याच्या जेमतेम तिसऱ्या हिश्श्याएवढा. कूलरसमोर बसून कानाने तार मिळवायला गेलं की ती हळूहळू चढत जाऊन घरघरीशी जुळते, आणि दोन सुरांमधले ठोके थांबले म्हणून तार लागली असं वाटतं. प्रस्तुत लेखकाने एक आख्खा उन्हाळा चढ्या तारेवर रियाज केला. उपाय सोपा आहे: तार मिळवताना कूलर बंद करावा. क्लिपचा ट्यूनर जाड तारेवर गोंधळतो, म्हणून बाराव्या पडद्यावर बोट नुसतं टेकवून निघणारा स्वर त्याला दाखवावा.

त्याच कोरड्या उन्हात लाकूड आकसतं, आणि जुलैत पाऊस लागला की फुगतं. मानेचा बाक बदलतो, मग मोकळी तार सुरात असूनही सातव्या पडद्यावरचा स्वर खोटा निघतो. बाराव्या पडद्यावर बोट टेकवून आणि मग तिथेच दाबून, असे दोन स्वर वाजवून पाहावेत. ते जुळत नसतील तर वाद्य दुरुस्तीला न्यावं, स्वतःच्या कानाला दोष देऊ नये.

मग कान तयार कसा करायचा? लेखकाला शेवटी मदत झाली ती पेटीची. आपल्याकडे गायक सी शार्प सांगत नाही, तो काळी एक सांगतो. बेसच्या चार मोकळ्या तारा जाडीच्या क्रमाने पांढरी तीन, पांढरी सहा, पांढरी दोन आणि पांढरी पाच. हे एकदा डोक्यात बसलं की गायकाने पट्टी सांगताच सा कुठे आहे ते कळतं. पुढचं काम सरगम करते. तारा चार-चार स्वरांच्या अंतराने मिळवलेल्या असतात, त्यामुळे सा जिथे असेल त्याच्या वरच्या तारेवर त्याच पडद्यावर म मिळतो आणि तिथून दोन पडदे पुढे प. पाहणाऱ्याला हे दोन पडद्यांचं अंतर किरकोळ वाटेल, पण त्या संध्याकाळचं सगळं नुकसान एवढ्याच अंतरात झालं होतं. कीबोर्डवाल्यालाही हा धोका आहे. मालकंसात त्याने सा वरचा मायनर कॉर्ड धरला की त्यात प आपोआप येतो.

कागदाशिवाय शिकणं कमी प्रतीचं आहे असं मात्र कुणी मानू नये. पॉल मॅकार्टनी यांना स्वरलिपी वाचता येत नाही. १९६१ साली हॅम्बर्गमध्ये त्यांच्या गटाचे बेसवादक स्टुअर्ट सटक्लिफ बाजूला झाले म्हणून त्यांनी गिटार सोडून बेस हाती घेतली, आणि त्यांच्या बेसच्या चाली आजही स्वतंत्र गाण्यासारख्या गुणगुणता येतात. दुसरी परंपरा आपल्या शेजारची, गोव्याची. चर्चला जोडलेल्या शाळांतून मुलं लहानपणीच स्वरलिपी शिकत आणि पुढे मुंबईच्या स्टुडिओत येत. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा ही मंडळी संगीतकाराने गाऊन दाखवलेलं कागदावर उतरवत आणि पन्नास-साठ वादकांसमोर ठेवत. त्यांना वाचता येत होतंच, पण गाऊन दाखवलेलं जसंच्या तसं लिहून घ्यायला आधी कान लागतो. राहुल देव बर्मन यांच्या गाण्यांत बेस वाजवणारे टोनी वाझ ऐकावेत, मग बेस नुसता ठेक्याचा सोबती नसतो हे पटतं. आजची बेसवादक मोहिनी डे हिला तर बेस घरातच मिळाली. वडील स्वतः बेसवादक.

मालकंस आणि बेस यांचं जमतं कसं हे ऐकायचं असेल, तर चरणजित सिंग यांच्याकडे जावं. हिंदी चित्रपटांत गिटार आणि बेस वाजवलेल्या या माणसाने १९८२ साली एचएमव्हीसाठी दहा रागांची एक तबकडी केली, इलेक्ट्रॉनिक वाद्यांवर, डिस्कोच्या ठेक्यात. त्यातला बेस रोलँड या जपानी कंपनीच्या टीबी-३०३ यंत्रावरचा आहे. एकट्या वादकाला बेसवाला मिळाला नाही तर त्याच्या जागी चालावं म्हणून हे यंत्र निघालं होतं. एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय त्यात होती, आणि सिंग यांनी तिच्यात मींड पाहिली. दहा रागांत मालकंसही आहे. हिशेबाने चालणाऱ्या यंत्राकडून त्यांनी राग वाजवून घेतला, आणि हातात जिवंत तारा असलेल्या लेखकाला चार वर्षं ते सुचलं नाही.

हल्ली नवं गाणं आलं की तो वाद्याला हात लावत नाही. आधी तीन दिवस गाणं ऐकायचं, त्यातला बेस तोंडाने म्हणायचा, तंबोऱ्याच्या ॲपवर सा लावून गाण्यात कोणते स्वर येतात आणि कोणते येत नाहीत ते पेटीवर शोधायचं. जागा सगळ्यांत शेवटी. डग्ग्याकडे वेगळं लक्ष द्यायचं, कारण खर्जात दोघांची जागा एकच, आणि दोघं एकदम बोलले की शब्द बुडतात. या पद्धतीने महिन्याला जेमतेम चार गाणी होतात. पूर्वी पंधरा व्हायची.

‘मन तडपत’ अजून पुन्हा कार्यक्रमात घेतलेलं नाही. रविवारी सकाळी तबलजीकाकांच्या घरी त्याचा रियाज चालतो. पट्टी काळी एक. दुसऱ्या तारेचा चौथा पडदा म्हणजे सा, तिसऱ्या तारेचा चौथा म्हणजे म. काका ठेका लावतात, लेखक त्या दोन जागांवर विलंबित आवर्तनं वाजवतो, आणि बोट सहाव्या पडद्याकडे निघालं की काका ठेका थांबवतात.