भूमीच्या पोटातील उष्णता

नंदुरबार जिल्ह्यात काळ्या दगडाच्या भिंतींसारख्या लांब, सरळ रांगा दिसतात. त्या कोणी बांधिल्या? सुमारे 6 कोटी 60 लक्ष वर्षांपूर्वी भूमीच्या भेगांत तप्त शिलारस शिरून थिजला, त्याच्याच ह्या रांगा होत.

पृथ्वीचे कवच अखंड नसून त्याचे मोठाले तुकडे आहेत. खालचा खडक घन, तरी अतितप्त असल्याने फार मंद वाहतो. चुलीवरील आंबिलीप्रमाणे तापलेला भाग वर येतो. कवचाची निवालेली, जड कड खाली बुडते व सबंध तुकड्यास ओढते.

तो शिलारस वर आणणारे उष्ण स्थान आज हिंदी महासागरातील रीयुनियन बेटाखाली आहे, असे पुष्कळ शास्त्रज्ञ मानतात. आपली भूमीच तेथून उत्तरेस आली, व अजूनही वर्षास सुमारे 5 सेंटिमीटर सरकते. ह्याच रेट्याने हिमालय उंचावला व भूकंपही होतात. म्हणून भूकंपास कोणाचा कोप न मानता, वाचकहो, घराच्या भिंती भक्कम सांधाव्या हे बरे.