कडू चवीचा वारसा

प्रश्न : तीजेच्या आदल्या रात्री शेजारी करू भात, म्हणजे कारल्याच्या भाजीसह भाताचे जेवण, होतो, तेव्हा तेथे माझा मुलगा कारले मागून खातो, कोबी आणि सरसोंभाजी मात्र पाहताच ताट दूर सारतो. हा हट्ट की आनुवंशिक दोष?
— एक भगिनी, रायपूर

उत्तर : हट्टाचा आरोप तूर्त तहकूब ठेवावा, आणि दोष हा शब्द तर मुळीच उच्चारू नये. १९३१ च्या सुमारास अमेरिकेत ड्यू पाँ कंपनीच्या प्रयोगशाळेत आर्थर फॉक्स यांच्या हातून फेनिलथायोकार्बामाइडची पूड हवेत उडाली, तेव्हा सहकाऱ्याला जी असह्य कडू लागली तीच फॉक्स यांना सर्वथा बेचव भासली. या भेदाचे मूळ मुख्यतः सातव्या गुणसूत्रावरील टीएएस२आर३८ या जनुकात आहे, हे २००३ मध्ये उघडकीस आले. कोबी-मोहरीच्या कुळातील भाज्यांत याच धर्तीची गंधकयुक्त द्रव्ये असल्याने, मातापित्यांकडून या जनुकाचे संवेदनशील रूप ज्याच्या वाट्यास आले, त्या बालकाला ती भाजी तुमच्याआमच्यापेक्षा खरोखरीच अधिक कडू लागू शकते. कारल्याचा कडूपणा निराळ्या स्वादग्राहकांच्या अखत्यारीतला. म्हणून तुमच्या मुलाच्या वागण्यात मला कोणतीही विसंगती दिसत नाही.

तथापि जनुकाचा हुकूम अंतिम नव्हे, कारण परिचयाने रुची पालटते. कोबी उकळून पाणी टाकून द्यावे, मीठ बेताने पण न विसरता घालावे, कारण ते कडूपणा दडपते. आणि सक्ती न करता एखादाच घास पुनःपुन्हा पानात वाढावा.