मोबाईलवरच्या धंद्यालाही शटर हवे

रिसोड तालुक्यातील रिठद येथे शिलाईकाम करणाऱ्या एका बांधवाशी अलीकडेच आमचे बोलणे झाले. लहान मुलांचे कुर्ते-पायजमे शिवून ते मोबाईलवरून विकतात. वाशिम, अकोला, नांदेडपर्यंत त्यांचा माल जातो. ते म्हणाले, "दुकान होते तेव्हा इशाच्या अजानच्या सुमारास शटर ओढायचो आणि दिवस संपायचा. आता दुकान खिशात आहे. त्याचे शटर कुठे ओढायचे?"

ईदच्या तोंडावर ते रात्री दोन-दोन वाजेपर्यंत गिऱ्हाइकांना उत्तरे देत बसत आणि फजरनंतर लगेच मशीनवर. एका सकाळी डोळ्यांवर झोप असतानाच त्यांनी कटिंग केले आणि बारा कुर्त्यांचे कापड चुकीच्या मापाने कापले गेले. कापड वाया गेले, गिऱ्हाईक तुटले आणि घरात ईदचा आनंदही राहिला नाही.

हा प्रश्न एकट्या त्यांचा नाही. खेड्यात बसून दूरच्या गिऱ्हाइकाला माल विकता येणे ही मोठीच सोय आहे. परंतु दुकानाची वेळ बाजार ठरवीत असे, मोबाईलवरच्या धंद्याची वेळ मालकाला स्वतःलाच ठरवावी लागते. ती ठरविली नाही, तर धंदा माणसाला चालवू लागतो.

धर्माची शिकवण

इस्लामने व्यापाराला कमी लेखलेले नाही. पवित्र कुरआनच्या सूरह जुमुआमध्ये जुम्याच्या नमाजची हाक ऐकताच खरेदी-विक्री थांबविण्याचा आदेश आहे, आणि नमाज पूर्ण होताच जमिनीवर पसरून अल्लाहची कृपा शोधण्याचीही आज्ञा आहे. म्हणजे थांबणे आणि कामाला लागणे, दोन्ही एकाच शिकवणीचे भाग आहेत. सूरह नबामध्ये रात्रीला पांघरूण आणि दिवसाला उपजीविकेची वेळ म्हटले आहे.

सहीह बुखारीत हजरत सलमान फारसी (रजि.) यांचा प्रसंग आला आहे. त्यांचे बंधू हजरत अबू दरदा (रजि.) दिवसा रोजे ठेवीत व रात्री नमाजमध्ये घालवीत. पत्नीकडे त्यांचे दुर्लक्ष होत होते. सलमान (रजि.) यांनी त्यांना जेवू घातले, रात्री झोपविले आणि रात्रीच्या शेवटच्या भागात उठवून सोबत नमाज अदा केली. मग समजावले की पालनकर्त्याचा, स्वतःच्या जिवाचा आणि घरच्यांचाही आपल्यावर हक्क आहे, ज्याचा त्याला द्यावा. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सलमान यांचे म्हणणे खरे ठरविले. आम्ही विचार करतो की नफल इबादतीलाही घरच्यांचा हक्क बुडविण्याची मुभा नसेल, तर गिऱ्हाइकाच्या मेसेजला ती कशी असेल?

जास्त तास म्हणजे जास्त कमाई नव्हे

आता हिशोबाकडे वळू. उदाहरणादाखल, एक कुर्ता ६०० रुपयांना विकला. कापड व इतर साहित्य ३३० रुपये, पॅकिंग व कुरिअर ९० रुपये. उरले १८० रुपये. शिवण्यास अडीच तास आणि गिऱ्हाइकाशी बोलण्यात अर्धा तास गेला, तर तासाला ६० रुपये पडले. पण त्याच कुर्त्यासाठी दीड तास फोनवर गेला, तर तासाला ४५ रुपयेच पडले. रात्रीच्या गप्पांची किंमत अशी मजुरीतून कापली जाते, पण वहीत ती दिसत नाही.

शरीराचाही हिशोब आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये संयुक्त अभ्यास प्रसिद्ध केला. आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांमध्ये पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी जास्त आढळला, आणि हृदयविकाराने मृत्यू येण्याचा धोका सुमारे १७ टक्क्यांनी. कारागिराचे भांडवल म्हणजे त्याचे हात, डोळे आणि कंबर. ते गेले तर कर्ज काढूनही परत मिळत नाही.

शटर कसे बसवावे

१) वेळ जाहीर करा. २०१८ मध्ये आलेल्या व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये कामाची वेळ लिहिता येते आणि बंद वेळेत आपोआप जाणारा संदेशही ठेवता येतो. 'सकाळी १० ते सायंकाळी ७, जुम्याला दुपारी बंद' एवढे स्पष्ट लिहावे. गिऱ्हाईक नाराज होईल ही भीती बहुधा व्यर्थ असते. केंद्र सरकारच्या २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनीसुद्धा तक्रार मिळाल्याची पोच देण्यास ४८ तासांची मुदत दिली आहे. मग रात्री ११ वाजता विचारलेल्या भावाचे उत्तर सकाळी दिले तर काय बिघडते?

२) अवघड काम सकाळी करा. प्रेषित (स.) यांनी आपल्या उम्मतच्या सकाळच्या वेळेत बरकत व्हावी अशी दुआ केली. ही हदीस सांगणारे सख्र गामिदी (रजि.) स्वतः व्यापारी होते. ते आपला माल दिवसाच्या सुरुवातीला पाठवीत आणि त्यांच्या संपत्तीत वाढ झाली. कटिंग, मापे, हिशोब ही चूक न परवडणारी कामे फजरनंतर करावीत. फोन त्यानंतर उघडावा.

३) सारखी कामे एकत्र करा. पार्सल देण्यासाठी जाण्या-येण्यात दोन तास जात असतील, तर आठवड्यातून सहा फेऱ्यांत १२ तास जातात. दोनच दिवस ठरविले तर ४ तास. वाचलेले ८ तास म्हणजे कामाचा पूर्ण एक दिवस.

४) हंगामाला मर्यादा घाला. ईदची ऑर्डर घेण्याची शेवटची तारीख रमजानपूर्वीच कळवावी. हातून होईल तेवढेच कबूल करावे. वायदा मोडून मिळविलेल्या पैशापेक्षा नम्रपणे दिलेला नकार बरा.

५) घरच्यांचे श्रम मोजा. काज-बटण, इस्त्री, घडी ही कामे बहुधा पत्नी करते. तिची मजुरी वहीत वेगळी लिहून तिच्या हाती द्यावी. पुरुषांना त्यांच्या कमाईचा आणि स्त्रियांना त्यांच्या कमाईचा वाटा आहे, ही सूरह निसाची शिकवण आहे. तिलाही विश्रांतीचा दिवस हवा.

रिठदच्या त्या बांधवांनी आता एक साधा नियम केला आहे. इशाच्या नमाजला निघताना फोन मशीनच्या खणात ठेवायचा आणि सकाळचे कटिंग झाल्यावरच काढायचा. सुरुवातीला दोन-तीन गिऱ्हाईक तुटले, असे ते सांगतात. परंतु मापाची चूक पुन्हा झाली नाही आणि रात्रीचे जेवण सर्वांसोबत होऊ लागले.

रिज्क देणारा अल्लाह आहे. प्रयत्न करणे आपले काम आहे, आणि वेळेवर थांबणे हाही त्या प्रयत्नाचाच भाग आहे. आमची वाचक बांधवांना विनंती आहे की आज रात्रीच आपल्या धंद्याची बंद होण्याची वेळ ठरवावी आणि ती ग्राहकांना कळवावी. इन्शाअल्लाह कामातही बरकत येईल आणि घरातही.