कॅज्युअल्टीला निघण्याआधी

शंका : आम्ही मुलुंड पूर्वेला चौथ्या मजल्यावर राहतो. वडील ७८ वर्षांचे, डायबिटीस आणि बीपी दोन्ही आहे. दिवसा घरी आई एकटीच असते. अचानक हॉस्पिटल गाठायची वेळ आली तर काय तयार ठेवावं?

समाधान : पिशवी नंतर भरा, आधी एक कागद करा. वडिलांचं नाव, वय, आजार, झालेली ऑपरेशनं, ॲलर्जी आणि चालू गोळ्या, मिलिग्रॅमसकट. रक्त पातळ करणारी गोळी असेल तर तिच्याखाली ठळक रेघ मारा. डोक्याला मार लागला किंवा पॅरालिसिसचा झटका आला, तर आम्हाला ते आधी कळायला हवं. ‘एक पांढरी छोटी गोळी घेतात’ एवढ्यावरून आम्हाला काहीच ठरवता येत नाही. कागद फ्रिजवर लावा, फोटो आईंच्या मोबाइलमध्ये ठेवा. फाइलमध्ये सगळ्यात वर जुना ईसीजी हवा. तो नव्याशेजारी धरला की बदल आजचा आहे की जुनाच, ते कळतं.

जवळच्या कोणत्या हॉस्पिटलात सीटी स्कॅन आणि अँजिओप्लास्टी रात्रीही होते, याची चौकशी या आठवड्यातच करा. पॅरालिसिसमध्ये गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. हे तास मोजतात ते माणूस शेवटचा धडधाकट दिसला तिथपासून. सकाळी सहाला उठल्यावर तोंड वाकडं दिसलं आणि रात्री अकराला ते ठीक झोपले होते, तर आम्हाला अकरा सांगा. अशा वेळी पाणी, चहा, गोळी काही देऊ नका, ठसका लागून ते फुप्फुसात जातं. ग्लुकोमीटर असेल तर साखर मात्र तपासा. साखर उतरली तरी माणूस असाच बरळतो, लुळा पडतो. आकडा ७० च्या खाली असेल आणि वडील शुद्धीवर असून नीट गिळू शकत असतील, तरच साखरपाणी द्या.

आणखी एक गोष्ट बघून ठेवा : तुमच्या लिफ्टमध्ये स्ट्रेचर आडवं मावतं का? जुन्या इमारतींत बहुधा मावत नाही. मग हातांची मजबूत खुर्ची लागते आणि ती धरायला दोघं. शेजाऱ्यांशी आजच बोलून ठेवा. १०८ला फोन झाला की वॉचमनला गेटबाहेर उभं करा.

शंका : बोरिवलीहून लिहिते आहे. यांच्या छातीत भरून येतं, पण ‘गॅस झालाय’ म्हणून ओवा खाऊन झोपतात.

समाधान : झोपू देऊ नका. छाती दाबल्यासारखी वाटणं, घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, यातलं काहीही असलं तर तडक ईसीजी काढायला न्या. गॅस निघाला तर उत्तमच! आणि त्यांना स्वतः गाडी चालवू देऊ नका.

शंका : घाटकोपरच्या एका हॉस्पिटलात सासूबाईंचा हात मोडलेला असताना दोन तास बसवलं. नंतर आलेल्याला मात्र लगेच आत घेतलं. हा अन्याय नाही का?

समाधान : तुमचा संताप मला कळतो, दोन तास वेदनेत बसणं सोपं नाही. पण कॅज्युअल्टीत नंबर येण्याच्या वेळेवर लागत नाही, जिवाला धोका किती यावर लागतो. ज्याचा श्वास अडकलाय तो आधीच जाणार. मात्र वेदनाशामक मागायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. बोटं गार किंवा निळी पडली, बधिर झाली, तर गप्प बसू नका, नर्सला लगेच दाखवा.

शंका : अंधेरीला हायवेवर अपघात दिसला की थांबावंसं वाटतं, पण पोलिसांच्या लफड्याची भीती वाटते. आणि हॉस्पिटलने डिपॉझिट मागितलं तर?

समाधान : थांबा. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये आलेलं कलम १३४अ मदत करणाऱ्याला संरक्षण देतं. नाव सांगायची सक्ती तुमच्यावर करता येत नाही. जीव वाचवण्याचे उपचार आधी, पोलिसांचे सोपस्कार नंतर, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच परमानंद कटारा खटल्यात बजावलं आहे. सरकारी असो की खासगी, हे प्रत्येक डॉक्टरला लागू आहे. मुंबईतल्या धर्मादाय हॉस्पिटलांनाही तातडीच्या वेळी गरीब रुग्णाकडे डिपॉझिट मागता येत नाही.

पडलेल्याचं हेल्मेट ओढून काढू नका, मान वळवू नका. श्वास चालू आहे का बघा, वाहत्या जखमेवर स्वच्छ रुमाल घट्ट दाबून धरा आणि १०८ला सांगताना हायवेची दिशा, जवळचा पूल, मेट्रो स्टेशन नेमकं सांगा.