जीवसृष्टीचे घड्याळ आणि आपल्या शहरांची दिनचर्या

पहाटे कोंबडा आरवतो. उजाडताच कावळे रात्रीचे झाड सोडून गावाकडे येतात. दिवस मावळला की वडा-पिंपळावरची वटवाघळे बाहेर पडतात. हे आपण रोज पाहतो, म्हणून त्यात काही शिकण्यासारखे आहे असे वाटत नाही. परंतु कारणाशिवाय कार्य घडत नाही, ही दृष्टी तथागतांच्या धम्माने आपल्याला दिली आहे. त्याच दृष्टीने प्राणिमात्रांचा दिनक्रम, आपल्या अमरावती-अकोल्याचा दिनक्रम आणि माणसाच्या आरोग्याशी असलेला त्यांचा संबंध येथे थोडक्यात पाहू.

शरीरातील घड्याळ

इ. स. १७२९ मध्ये द मेरां या फ्रेंच शास्त्रज्ञाने लाजाळूसारखे एक रोप अंधारात ठेवले. प्रकाश नसतानाही त्याची पाने दिवसा उघडत व रात्री मिटत. म्हणजे ते रोप केवळ सूर्याची आज्ञा पाळत नव्हते. वेळेची जाणीव त्याच्या आतच होती. जपानमधील शास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये कोंबड्यांवर असाच प्रयोग केला. सतत मंद प्रकाशात ठेवलेले कोंबडेसुद्धा पहाटेच्या सुमारास आरवू लागत. कोंबडा आरवला म्हणून उजाडत नाही हे आपण जाणतो. पण उजाडले म्हणूनच कोंबडा आरवतो असेही नाही.

१९७१ मध्ये कोनोप्का व बेन्झर यांनी फळांवरच्या चिमुकल्या माशीत या घड्याळाचा जनुक शोधला. हे घड्याळ चालते कसे, हे उलगडणारे हॉल, रॉसबॅश व यंग यांना २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पेशीत एक प्रथिन रात्री साठते व दिवसा नाहीसे होते. ते पुरेसे साठले की स्वतःचीच निर्मिती थांबवते. हे चक्र सुमारे २४ तासांत पूर्ण होते. माणसाच्या मेंदूतही असे मुख्य घड्याळ असून डोळ्यांवर पडणारा प्रकाश ते रोज जुळवून देतो. झोप, भूक, शरीराचे तापमान, रक्तदाब यांचे चढउतार त्याच्याशी बांधलेले आहेत.

भारतात या विषयाचा पाया घालणाऱ्यांत मदुराईचे प्रा. एम. के. चंद्रशेखरन यांचे नाव अग्रभागी आहे. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी गुहेतील वटवाघळांचा अभ्यास केला. गुहेच्या काळोखात पिंजऱ्यात ठेवलेल्या वटवाघळाला बाहेरचा प्रकाश दिसत नव्हता. तरीही त्याची हालचाल गुहेतील इतर वटवाघळांच्या ये-जा करण्याच्या वेळेशी जुळलेली राहिली. म्हणजे घड्याळ केवळ सूर्य लावत नाही, सोबतीही लावतात. माणसाच्या बाबतीत ही गोष्ट विशेष लक्षात ठेवण्यासारखी आहे.

मेळघाटातील धडा

आपल्या अमरावती जिल्ह्यातील मेळघाटात रानपिंगळा नावाचे एक लहान घुबड आहे. १८८४ नंतर त्याचा खात्रीलायक पुरावा मिळाला नव्हता. नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळच्या जंगलात ते पुन्हा आढळले व नंतर मेळघाटातही दिसले. घुबड म्हटले की रात्र, असा आपला समज. पण रानपिंगळा दिवसा शिकार करतो. तेव्हा केवळ जातीवरून कोणाची दिनचर्या ठरवू नये, प्रत्यक्ष पाहावे.

मात्र ही दिनचर्या बाहेरच्या दडपणाने बदलूही शकते. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जगभरातील सस्तन प्राण्यांच्या ६२ जातींची माहिती एकत्र केली होती. जेथे माणसाचा वावर वाढला, तेथे प्राण्यांचा रात्रीचा वावर सरासरी १.३६ पट झाला. आपल्या भागातील शेतकऱ्याला हे सांगावे लागत नाही. दिवसा दडून बसलेले रोही व रानडुकरे रात्री पराटीत, हरभऱ्यात शिरतात आणि शेतकऱ्याला धुऱ्यावर जागल करावी लागते. माणसाने प्राण्यांची वेळ बदलली, आता प्राण्यांनी माणसाची बदलली.

त्यात ओलिताची भर. कृषिपंपांना आळीपाळीने काही दिवस रात्रीची वीज देण्याची पद्धत अनेक वर्षे चालत आली. थंडीच्या रात्री अंधारात, विंचू-सापाच्या भीतीत पाणी द्यायला जाणारा कोण, तर शेतकरी व त्याचा सालदार. दिवसा वीज मिळावी यासाठी राज्यात सौर कृषिवाहिनी योजना २०१७ मध्ये सुरू झाली व २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा आला. हा प्रश्न विजेचा आहे, तितकाच झोपेचाही आहे.

शहराचे घड्याळ कोण लावतो?

एके काळी वऱ्हाडातील शहरांत वेळ कळे ती मिलच्या भोंग्यावर. अकोल्याची सावतराम मिल, बडनेऱ्याची विजय मिल, अचलपूरची विदर्भ मिल यांच्या पाळ्यांवर हजारो घरांच्या चुली पेटत. या मिल पुढे बंद पडल्या. पण भोंग्यामागचा इतिहास विद्यार्थ्यांनी जाणून घ्यावा. आरंभी मुंबईच्या गिरण्या सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत चालत. विजेचे दिवे आल्यावर सूर्यास्ताची मर्यादाही राहिली नाही. साप्ताहिक सुट्टीसाठी सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी लढा दिला आणि १८९० मध्ये गिरणी कामगारांना रविवार मिळाला. १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांत दिवसाला १२ तास, १९२२ च्या कायद्याने ११, तर १९३४ च्या कायद्याने १० तास व आठवड्याला ५४ तास अशी मर्यादा आली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मजूरमंत्री असताना त्यांनी मांडलेल्या विधेयकातून १९४६ मध्ये बारमाही कारखान्यांसाठी ५४ चे ४८ तास झाले. ही केवळ आकडेवारी नव्हे. कामगाराच्या आयुष्यातील झोप, वाचन आणि लेकरांशी बोलण्याचा वेळ त्यामुळे वाढला.

आज भोंगा नाही, पण रात्रपाळी आहे. रुग्णालयातील परिचारिका, पहारेकरी, रेल्वे कर्मचारी, पहाटे रस्ते झाडणारे सफाई कामगार यांच्या जागरणावर शहर चालते. दीर्घकाळच्या रात्रपाळीला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये संभाव्य कर्करोगकारक म्हटले व २०१९ मध्ये तेच मत कायम ठेवले. ज्यांच्या वाट्याला हे काम येते त्यांत आपल्या समाजाचे लोक किती आहेत, हे निराळे सांगावयास नको.

शहराचे घड्याळ माणसांनी लावलेले असते, म्हणून ते बदलताही येते. मे २०२४ मध्ये अकोल्याचा पारा ४५ अंशांवर गेला, तेव्हा जिल्हा प्रशासनाने जमावबंदीचा आदेश काढून खासगी शिकवण्या सकाळी १० पूर्वी व सायंकाळी ५ नंतर घेण्यास सांगितले. म्हैस डबक्यात बसते, चिमणी वळचणीला जाते, तेव्हा माणसानेही सावली धरावी, एवढाच त्याचा अर्थ. त्याच वर्षी राज्य शासनाने चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी ९ किंवा त्यानंतर भरविण्याचा निर्णय घेतला, तो मुलांच्या झोपेचा विचार करूनच.

धम्मातील वेळेचा विचार

भिक्खुसंघाच्या विकालभोजन वर्ज्य करण्याच्या नियमामागेही अनुभव होता. मज्झिम निकायातील लटुकिकोपम सुत्तात उदायी स्थविर सांगतात की, पूर्वी भिक्खू रात्री भिक्षेला जात तेव्हा कोणी घाण पाण्यात पडे, कोणी झोपलेल्या गाईवर आदळे, तर विजेच्या लखलखाटात भिक्खू पाहून एखादी स्त्री भीतीने किंचाळे. लोकांना त्रास होतो व भिक्खूंनाही अपाय होतो, म्हणून तथागतांनी ती प्रथा बंद केली. नियमाची कसोटी माणसाचे हित ही होती, मुहूर्त नव्हे.

विद्यार्थी मित्रांनो, बाबासाहेब रात्र-रात्र अभ्यास करीत हे आपण ऐकतो आणि रात्री दोनपर्यंत जागणे म्हणजेच अभ्यास असे समजतो. चरित्रात काय आहे ते नीट वाचा. परळच्या एका खोलीत गजबजाट असे, म्हणून सुभेदार रामजी बाबा भीमरावांना लवकर झोपवीत, स्वतः दोनपर्यंत जागत आणि मग त्यांना उठवून स्वतः आडवे होत. झोप मोडली नव्हती, तिची वेळ बदलली होती. आणि त्यासाठी एक बाप जागा राहिला होता. १३ ते १८ वर्षांच्या मुलांना ८ ते १० तास झोप लागते असे तज्ज्ञ सांगतात. शिकलेले मेंदूत पक्के होते ते झोपेतच.

आपण काय करावे?

घड्याळ सोबती लावतात, हे गुहेतल्या वटवाघळांनी दाखविले. म्हणून ही जबाबदारी एकट्याची नाही, वस्तीची आहे. रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद ठेवण्याचा नियम २००० पासून आहे. तो विहारांनी व जयंती मंडळांनी पोलिसांनी सांगण्यापूर्वीच पाळावा. ज्यांच्या घरी एकच खोली आहे अशा मुलांसाठी विहारात पहाटे व सायंकाळी अभ्यासिका उघडी असावी. रात्रपाळीहून आलेल्या माणसाला दिवसा शांत झोप मिळेल, याची शेजाऱ्यांनी काळजी घ्यावी. यासाठी पैसा फारसा लागत नाही, दुसऱ्याच्या झोपेविषयी मैत्रीभाव लागतो.

जय भीम! नमो बुद्धाय!