गवळाऊचा वंश आणि गोठविलेले रेत

पिठोरी अमावास्येला सावरगावात पोळा भरतो आणि दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पांढुर्ण्याशी गोटमार होते. गोटमारीची वार्ता दूरवर पोचते. आदल्या दिवशी तोरणाखाली उभ्या राहणाऱ्या बैलजोड्यांची दखल मात्र फारशी घेतली जात नाही. पांढऱ्या रंगाची, लांबट चेहऱ्याची, हलक्या पण काटक अंगाची जोडी दिसली, तर ती गवळाऊ वंशाची समजावी. वर्धा, नागपूर, छिंदवाडा, शिवनी व बालाघाट हा या वंशाचा मूळ पट्टा होय. डोंगराळ वाटांवरील जलद वाहतुकीसाठी मराठ्यांच्या सैन्यात या बैलांचा उपयोग होत असे.

आज शुद्ध लक्षणांचा वळू शोधावा लागतो. ट्रॅक्टर आल्याने बैलांची गरज उणावली, दुधासाठी जर्सी व होल्स्टीनचा संकर झाला, आणि उरलेल्या गायी कळपातील कोणत्याही मोकाट गोऱ्ह्याकडून फळू लागल्या. वंश नष्ट होण्यास यातील शेवटचे कारण अधिक जबाबदार आहे, असे आमचे मत आहे. संकर निदान विचारपूर्वक केला जातो.

वळू मेला तरी त्याचे रेत राहू शकते, ही सोय गेल्या शतकातील आहे. 1949 साली इंग्लंडमध्ये पोल्ज, स्मिथ व पार्क्स या शास्त्रज्ञांना असे आढळले की, ग्लिसरीन मिसळल्यास शुक्रजंतू गोठूनही जिवंत राहतात. पेशीतील पाण्याचे बर्फ होताना त्याचे स्फटिक पेशीला इजा करतात. ग्लिसरीन ती इजा बरीच टाळते. वळूचे रेत अंड्यातील बलक, क्षार व ग्लिसरीन यांच्या द्रावणात पातळ करून पाव मिलिलिटरच्या कांड्यांत भरतात व उणे 196 अंश सेल्सिअसच्या द्रव नत्रात ठेवतात. प्रत्येक कांडीत सुमारे 2 कोटी शुक्रजंतू असतात. एका वेळच्या रेतातून दोन-अडीचशे कांड्या होऊ शकतात. कांडी सतत नत्रात बुडालेली राहिली, तर ती वर्षानुवर्षे टिकते.

परंतु जे वळूच्या बाबतीत साधले, ते प्रत्येक जनावराच्या बाबतीत साधेलच असे नाही. विदर्भात कच्छकडील रबारी मेंढपाळांबरोबर उंट दिसतात, ते आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असतील. उंटाचे रेत चिकट, तार धरणारे असते. शुक्रजंतू त्यात अडकून राहतात. ते पातळ होण्याची वाट पाहावी तर तेवढ्यात जंतू दुबळे होतात, आणि जबरीने ढवळावे तर त्यांना इजा होते. शिवाय सांडणीचे बीज गाईप्रमाणे ठरावीक दिवशी आपोआप सुटत नाही. नराच्या संयोगानंतरच सुटते. म्हणून कृत्रिम रेतनापूर्वी तिला संप्रेरकाचे इंजेक्शन द्यावे लागते. ताज्या रेताने सांडण्या गाभण राहतात. गोठविलेल्या रेताने मिळणारे यश मात्र अद्याप फार कमी आहे. बिकानेर येथे 1984 साली उंटांसाठी राष्ट्रीय संशोधन केंद्र स्थापन झाले. इकडे देशातील उंटांची संख्या 2012 च्या पशुगणनेत सुमारे 4 लाख होती, ती 2019 मध्ये सुमारे अडीच लाखांवर आली.

गवळाऊपुढे ही अडचण नाही. येथे तंत्र सिद्ध आहे. उणीव पडते ती गोठ्यात व पात्रात.

प्रथम पात्राविषयी. द्रव नत्र सतत उडून जात असते. कोरडी लाकडी पट्टी तळापर्यंत घालून बाहेर काढावी व हवेत हलवावी. जेथपर्यंत पांढरे हिव धरेल, तेथपर्यंत नत्र आहे असे समजावे. कांडी शोधताना डबी पात्राच्या गळ्याच्या वर आणू नये. उणे 130 अंशांच्या वर तापमान गेले की हानी सुरू होते, आणि ती डोळ्यांस दिसत नाही. पुढे गाय उलटली की दोष रेतनास दिला जातो. कांडी 37 अंशांच्या कोमट पाण्यात 30 सेकंद धरून वितळवावी. वितळलेली कांडी पुन्हा गोठवू नये.

माज ओळखणे हे पशुपालकाचे काम आहे. गाय हंबरते, दुसरी गाय अंगावर चढली असता स्थिर उभी राहते, काचेसारखा बळस टाकते. माज सकाळी दिसल्यास त्याच दिवशी संध्याकाळी व संध्याकाळी दिसल्यास दुसऱ्या दिवशी सकाळी रेतन करवून घ्यावे. उन्हाळ्यात माज रात्री येऊन जातो. कामाच्या धबडग्यात तो हुकतो आणि 21 दिवस वाया जातात.

कांडीवर वळूचा क्रमांक व जात छापलेली असते. ती वाचून वहीत उतरवून घ्यावी. शाळेतील मुलांकडूनही ही वही ठेवून घेता येईल. गवळाऊ गाईस गवळाऊचीच कांडी मागावी, आणि तिच्या कालवडीला तिच्या बापाची कांडी दिली जाऊ नये, यासाठी हाच क्रमांक उपयोगी पडतो. मोकाट गोऱ्ह्यांचे वेळीच खच्चीकरण करून घ्यावे. अन्यथा कांडी भरून आलेली गाय चरावयास गेली असता वासरू कोणाचे, हे सांगता येत नाही.

रेतनानंतर तीन महिन्यांनी गर्भतपासणी करवून घ्यावी. गाय लागोपाठ तीनदा उलटल्यास चौथी कांडी न भरता प्रथम पशुवैद्यकाकडून गर्भाशयाची तपासणी करवावी.